रिकामे सेक्टर सोडून

प्रीतम तायडे, म्हणजे तायडे सर, अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवतात. म्हणजे मूळ संख्या कशा शोधायच्या आणि चांदण्यांचा पिरॅमिड स्क्रीनवर कसा उभा करायचा, हे दरवर्षी नव्या पोरांना सांगतात. शोधलेल्या मूळ संख्यांचं पुढे काय करायचं, हे आजवर एकाही पोरानं विचारलं नाही आणि सरांनीही तो विषय कधी काढला नाही. राजापेठेत भाड्याचं घर, घरात बायको भावना आणि इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी आकांक्षा. एकंदरीत, कुणी गोष्ट लिहावी असं काही त्यांच्या आयुष्यात नव्हतं.

सासुरवाडीत मात्र त्यांचा दबदबा होता. अकोल्याला त्यांचे सासरे मोतीराम इंगळे, निवृत्त पोस्टमास्तर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचे जवाई कंप्युटरमधी हायेत." या ओळखीच्या जोरावर सरांनी सासुरवाडीत टीव्हीचा रिमोट, शेजाऱ्याच्या गॅसचं बुकिंग आणि एकदा तर गल्लीतल्या पिठाच्या चक्कीची मोटरसुद्धा पाहून दिली होती. पाहून दिली होती. दुरुस्त झाली की नाही, हा वेगळा मुद्दा.

अशाच एका रविवारी जेवणं झाल्यावर मोतीरामजींनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि कंप्युटरच्या डब्याला कान लावायला सांगितलं. सरांनी लावला. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता, कुणी नखानं दार वाजवावं तसा. डिस्क जायच्या बेतात असली की असाच आवाज करते, हे ते पोरांना शिकवत असत. प्रत्यक्षात त्यांनीही तो पहिल्यांदाच ऐकला.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगायला हवं. नोकरीत असताना मोतीरामजी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरले होते. चौदा एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो, कुठल्या वस्तीत गायन पार्टी आहे म्हटलं की हे तिथे हजर. बार्शीटाकळीपासून भातकुलीपर्यंत कुणाकुणाची गाणी त्यांनी टेप केली होती. त्यातले बरेच गाणारे आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांकडेही त्यांचा आवाज नाही. निवृत्तीनंतर कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा मोतीरामजींनी एक एक कॅसेट वाजवत सगळी गाणी कंप्युटरात भरली. त्यात त्यांची काही वर्षं गेली. मग कॅसेटी भंगारात गेल्या, कारण सासूबाईंना, म्हणजे दुर्गाबाईंना, ते कपाट गोधड्यांसाठी पाहिजे होतं. तेव्हा आता जे काय होतं ते त्या टकटक करणाऱ्या डबीतच.

मेव्हणा स्वप्निल पुण्याला नोकरीत. त्यानं वडिलांची तक्रार फोनवर ऐकून नवी डिस्क कुरियरनं पाठवूनही दिली होती. नवी डिस्क देखणी होती, पत्त्यांच्या कॅटाएवढी, बिनआवाजाची. तिच्यात दोष एकच होता. जुनी डिस्क पाचशे जीबीची आणि नवी चारशे ऐंशीची. स्वप्निलचं म्हणणं, वीसनं काय होतंय, भाऊजी. पण एका डिस्कवरून दुसरीवर जशीच्या तशी नक्कल करणारे नेहमीचे प्रोग्राम फार हट्टी असतात. नवी डिस्क जुनीपेक्षा केसभर लहान असली तरी ते हात लावत नाहीत.

मग गाणी तेवढी कॉपी-पेस्ट करावीत, असं तुम्ही म्हणाल. भावनाही तेच म्हणाली. पण मोतीरामजींची अट होती की कंप्युटरात काहीही इकडचं तिकडं होता कामा नये. त्यांनी कंप्युटर जागेवरून पाठ केला होता. डावीकडून तिसरं चित्र म्हणजे गाणी, त्याच्या खालचं म्हणजे मराठी टायपिंग, कोपऱ्यातलं म्हणजे चुकून दाबायचं नाही. त्या मराठी टायपिंगची मूळ सीडी केव्हाच हरवली होती. तेव्हा नक्कल हवी ती हुबेहूब.

इथे तायडे सरांनी जो शब्द उच्चारला तो उच्चारायला नको होता. खोलीत सासरे, सासूबाई, बायको, मुलगी आणि शेजारचे दोघं उभे. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत. सर म्हणाले, "मी स्वतः प्रोग्राम लिहितो."

मग त्यांनी सर्वांना समजेल अशा भाषेत समजावून सांगितलं. डिस्क म्हणजे टपाल लावायच्या खणांसारखी. त्या एकेका खणाला सेक्टर म्हणायचं. असे कोट्यवधी सेक्टर, त्यातले निम्मेसुद्धा भरलेले नाहीत. कुठला भरलेला आणि कुठला रिकामा, याचा नकाशा डिस्कवरच असतो. तो नकाशा वाचायचा आणि भरलेले सेक्टर तेवढेच उचलायचे. लहान डिस्कवरही मावतं आणि म्हाताऱ्या डिस्कला दगदगही कमी होते. मोतीरामजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तं आमी पोस्टात रोजच करत होतो, यात प्रोग्राम काय लिहाचा. शेजारचे दोघं हसले. सरांनी मनातल्या मनात प्रोग्रामची पहिली ओळ तिथेच लिहून टाकली.

दुर्गाबाईंनी डिस्क कापसात गुंडाळली, मऊ फडक्यात बांधली आणि स्टीलच्या डब्यात घालून दिली. एसटीत सरांनी तो डबा मांडीवरून हलू दिला नाही. शेजारच्या प्रवाशानं दोनदा डब्याकडे पाहिलं, मूर्तिजापूर गेल्यावर विचारलंच, की यात काय आहे. सर थकलेले होते, खरं ते बोलून गेले, गाणी आहेत म्हणाले. प्रवासी जरा सरकून बसला.

आकांक्षानं अमरावती येईपर्यंत मोबाइलवर शोधूनही काढलं होतं, की असे प्रोग्राम तयार मिळतात, फुकट. "माहीत आहे," सर म्हणाले. त्यांना खरंच माहीत होतं. पण चारचौघांत सासऱ्यांसमोर बोललेला शब्द फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनं पाळायचा, तर मग आपण इतकी वर्षं त्या फळ्यापुढे काय करत होतो, हा प्रश्न उभा राहिला असता. तो प्रश्न त्यांना नको होता.

प्रोग्राम लिहायला बसले तर पहिली अडचण आली ती शेजाऱ्यांची. वरच्या मजल्यावर सहदेवराव राहत. त्यांचं राजापेठेत फुलांचं दुकान. समोरच्या घरात खुशालराव, वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि वीज ज्यात ज्यात जाते त्या प्रत्येक वस्तूचे जाणकार. संध्याकाळी दोघंही चहाला येत आणि सरांच्या पाठीमागे उभे राहून स्क्रीनकडे पाहत. पाठीमागे कुणी उभं असताना जगात कुणालाही प्रोग्राम लिहिता आलेला नाही. सहदेवरावांचा रोजचा प्रश्न एकच, सर, कॉपी-पेस्ट काहून नाही करत. सर रोज नव्यानं समजावून सांगत. सहदेवराव मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी, काल आपण काही विचारलंच नव्हतं अशा निरागसपणे, पुन्हा विचारत.

खुशालरावांची तऱ्हा वेगळी. ते विचारत नसत, करून मोकळे होत. बिघडलेली डिस्क गार केली की काही वेळ नीट चालते, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. एक दिवस सर कॉलेजातून आले तर स्टीलचा डबा जागेवर नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी डबा सापडला तो फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीशेजारी. भावना म्हणाली, खुशालभाऊंनी सांगितलं, तुम्ही सांगितलंय म्हणून. डिस्क बाहेर काढली तर तिला दव सुटलेलं. सर ती मांडीवर घेऊन सुती धोतराच्या तुकड्यानं पुसत बसले. त्यानंतर डिस्क वाळेपर्यंत पंख्याखाली ठेवली. ती तांदळाच्या ड्रममध्ये ठेवावी, असा सहदेवरावांच्या पत्नी तानुबाईंनी बराच आग्रह धरला. सरांनी तांदूळ नको म्हटलं. तानुबाईंना वाईट वाटलं.

शेवटी प्रोग्राम तयार झाला. पहिल्यांदा चालवला तेव्हा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्यानं काम संपल्याचं जाहीर केलं. किती सेक्टर उचलले, तर स्क्रीनवर एक भलामोठा आकडा आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह. म्हणजे प्रोग्रामनं सेक्टर उचलले तर नव्हतेच, उलट कुणाचं तरी देणं लागत होता. सरांना चूक लगेच कळली. लहान चौकटीत मोठा आकडा कोंबला की तो उलटा होऊन बाहेर येतो. याच चुकीसाठी ते परीक्षेत पोरांचे मार्क कापत आले होते, लाल पेनानं, बाजूला एक उद्गारचिन्ह काढून.

दुसऱ्यांदा त्यांनी शहाणपण केलं आणि आधी आकांक्षाच्या पेन ड्राइव्हवर चाचणी घेतली. त्यात सहदेवरावांच्या मुलीच्या, वर्षालीच्या, लग्नाचे फोटो होते. नकाशातला प्रत्येक तुकडा डावीकडून वाचायचा की उजवीकडून, यात सरांची गल्लत झाली, त्यामुळे काही भरलेले सेक्टर सुटले आणि काही रिकामे आले. नकलेतले फोटो उघडले तर वरच्या अर्ध्यात वर्षाली आणि तिच्या गळ्याखाली नुसता करडा रंग. नवरदेवाचं तर फेट्यापलीकडे काहीच उरलं नव्हतं. नेमक्या त्याच वेळी तानुबाई चहाचे कप घेऊन मागे उभ्या. मूळ फोटो शाबूत आहेत, ही नुसती नक्कल आहे, हे सरांनी परोपरीनं सांगितलं. तानुबाईंनी कप ठेवले आणि गेल्या. पुढचे काही दिवस वरून सहदेवराव एकटेच येत, आणि चहा घरून पिऊन येत.

तिकडे अकोल्याहून मोतीरामजींचा फोन रोज सकाळी. दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसा ते विचारत, "गाने कसे हायेत?" सर म्हणत, बरे आहेत. दुसरं काय म्हणणार.

प्रोग्राम एकदाचा नीट झाला, पण घरच्या लॅपटॉपवर दोन डिस्का एकदम जोडायची सोय नव्हती. तेव्हा कॉलेजची प्रयोगशाळा. तंत्रनिकेतनाच्या फाटकावर चौकीदारानं डबा उघडायला लावला, डिस्क उलटीपालटी करून पाहिली आणि वहीत आवक म्हणून लिहिलं: लोखंडी डबी, नग एक. नवी डिस्क सरांच्या खिशात होती. ती कुणाला दिसली नाही आणि सरांनाही ती दाखवावी असं सुचलं नाही. सरळ माणसाच्या हातून नियम मोडतात ते असे, नकळत, आणि मग निस्तरताना नाकी नऊ येतात.

प्रयोगशाळेच्या मागच्या रांगेत सरांनी दोन्ही डिस्का जोडल्या, प्रोग्राम सुरू केला, तो गोगलगायीच्या गतीनं का होईना पुढे सरकताना पाहिला आणि तासाला गेले. तास संपवून आले तर प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप आणि कुलपावर लाखेची मोहर. कुठल्याशा भरतीची ऑनलाइन परीक्षा त्या खोलीत ठरली होती आणि परीक्षा संपेपर्यंत आत कुणी जायचं नव्हतं. आत माझी डिस्क आहे, असं सरांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू सर आत प्रश्नपत्रिकाच ठेवून आले आहेत. तोंडी विनंती चालत नाही, लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं. लेखी दिल्यावर समजलं की मोहर तोडायचा अधिकार प्राचार्यांनाही नाही. आतल्या मशीन बंद केल्या गेल्या होत्या, म्हणजे प्रोग्रामही अर्ध्यावर मेला होता. त्या आठवड्यात सर पोरांना पिरॅमिड शिकवताना मध्येच थांबून खिडकीबाहेर पाहत. पोरांना वाटलं, सरांच्या घरी काही झालंय.

परीक्षा आटोपली, मोहर निघाली. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला तासाच्या वेळी आजारी पडल्याचं सांगून खुर्ची टाकून डिस्कपाशीच बसले. ती टकटक करत होती, मध्येच अडत होती, पुन्हा चालत होती. काही मोजके सेक्टर तिनं शेवटपर्यंत वाचू दिले नाहीत. पण संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं. वजाचं चिन्ह कुठेही नव्हतं. सरांना ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. खोलीत कुणी नव्हतं.

फाटकावर चौकीदारानं वही काढली. डबी एक आत आली होती, म्हणून डबी एकच बाहेर जाईल. सरांच्या हातात दोन होत्या. वाद घालायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी नवी डिस्क नेली आणि जुनी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून आले. तिचं काम आता संपलंच होतं.

रविवारी अकोल्याला नवी डिस्क बसवली. बटण दाबलं आणि कंप्युटर असा झटकन उघडला की मोतीरामजी खुर्चीत मागे सरकले. सगळी चित्रं जागच्या जागी. डावीकडून तिसरं, त्याच्या खालचं, कोपऱ्यातलं. त्यांनी एक गाणं लावलं, दुसरं लावलं. खोलीत ढोलकी घुमली. शेजारचे ते दोघंही आले होते. सरांनी सहज उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे राहायचा प्रयत्न केला. दुर्गाबाईंनी पुरणपोळी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी लिहिलेला प्रोग्राम कुणाच्या उपयोगी पडला होता, आणि पहिली पोळी ताटात पडेपर्यंत ते सुख टिकलं.

आतून मोतीरामजींचा आवाज आला, शांत, चाचपडल्यासारखा. दुर्गाचं गानं दिसत नाही, म्हणाले.

दुर्गाबाईंनी लग्नाआधी बार्शीटाकळीच्या एका कार्यक्रमात एक गाणं म्हटलं होतं. ते टेप करायला गेलेला पोस्टातला तरुण कारकून म्हणजेच मोतीरामजी. पुढे लग्न झालं ते त्या गाण्यानंतर. सरांनी हात धुतले आणि शोधायला बसले. नावानं शोधलं, तारखेनं शोधलं, कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. बाकी सगळी गाणी होती, तेवढं एक नव्हतं. डिस्कनं जे सेक्टर वाचू दिले नव्हते त्यांत ते गेलं म्हणावं, तर निदान नाव तरी यादीत दिसलं असतं. नावही नव्हतं.

मोतीरामजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू द्या प्रीतमराव. तुमच्या प्रोग्रामले ते रिकामं वाटलं असन." आणि उठून अंगणात जाऊन बसले. शेजारचे दोघं एकमेकांकडे पाहत निघून गेले. पुरण ताटात तसंच राहिलं.

सर पाण्याचा तांब्या घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा दुर्गाबाईंनी दार लोटून घेतलं.

"तुमच्या प्रोग्रामचा काई दोष नाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते गानं म्याच काढून टाकलं. तुमी डिस्क न्याच्या आदल्या दिवशी."

मग सरांनी, काहीतरी विचारायचं म्हणून, कचऱ्याच्या टोपलीचं विचारलं. तीही दुर्गाबाईंनीच रिकामी केली होती, आकांक्षानं मागे कधी शिकवलं होतं तसं. भरली टोपली घरात ठेवते का कोनी, म्हणाल्या.

कारण विचारल्यावर त्या तव्याकडे पाहत बोलल्या. घरात पाहुणा आला की मोतीरामजी ते गाणं लावत. या चहा घेऊन आल्या की म्हणत, पाहा, ह्याच गात होत्या. मग पाहुणा यांच्याकडे पाहणार, कंप्युटरकडे पाहणार, आणि वा वा म्हणणार. ते गाणं टेप झालं त्या दिवशी त्यांचा गळा बसलेला होता, पेटीवालाही भलत्याच पट्टीत वाजवत होता. इतकी वर्षं त्या बसलेल्या गळ्याची वा वा ऐकून त्यांना नको झालं होतं.

"त्याइले सांगू नोका," त्या म्हणाल्या. "त्याइले वाटन, त्याइनं जमवलेलंच मले नको होतं."

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर पाहत होते. भावनानं विचारलं, खरंच तुमच्या प्रोग्राममुळे गेलं का. सर म्हणाले, असेल. हा एक शब्द बोलताना त्यांना जो त्रास झाला तो मोजायला कुठलीही चौकट पुरली नसती. आयुष्यात एकदा बिनचूक लिहिलं होतं. वाचता आलेला प्रत्येक भरलेला सेक्टर जागेवर, आणि ते सांगायची सोय नव्हती. बडनेरा आल्यावर भावनानं आपल्या पिशवीतली चिवड्याची पुडी त्यांच्या हातात दिली.

राजापेठेत बातमी त्यांच्या आधी पोचलेली. खुशालराव म्हणाले, फ्रीजमधून लवकर काढली, तिथंच चुकलं. सहदेवरावांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, कॉपी-पेस्ट केलं असतं तं.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस सरांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. पुसलेलं गाणं खरं तर पुसलं जात नाही, हे त्यांना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. गाणं जिथल्या तिथे असतं, फक्त नकाशात त्या सेक्टरांवर रिकामे अशी खूण पडते. ज्या रिकाम्या सेक्टरांना शिवायचं नाही म्हणून सरांनी एवढा खटाटोप केला, नेमकं त्यांतच ते गाणं जुन्या डिस्कवर पडून असणार. पण दुर्गाबाईंना विचारल्याशिवाय ते काढणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी फोन केला.

फोन दुर्गाबाईंनीच उचलला, सरांनी सगळं सांगितलं. मागे कुकरची शिट्टी झाली.

"हाये का अजून ते?" त्यांनी विचारलं.

"असू शकतं, मामी. तुम्ही सांगाल तर पाहतो. नाहीतर राहू देतो."

मग त्या म्हणाल्या, "तुमचे मामाजी आजकाल जेवल्यावर कंप्युटर लावत नाईत." आणि फोन ठेवून दिला.

सर कॉलेजात गेले तर कपाट रिकामं. तपासणी समिती येणार म्हणून प्रयोगशाळा साफ झाली होती आणि निकामी सामान भांडारात गेलं होतं, भंगारवाल्याची गाडी यायची होती. भांडार सांभाळायच्या शकुनताई. सरांनी ढिगात हात घालून आपली डिस्क काढली तेव्हा त्यांनी ती हातातून काढून परत ढिगावर ठेवली. भांडारातली वस्तू नोंदीशिवाय बाहेर जात नाही. सर म्हणाले, ती कॉलेजची नाहीच, माझी आहे. ताईंनी फाटकावरची वही मागवली. तीत लोखंडी डबी आत आली होती आणि लोखंडी डबी बाहेरही गेली होती. म्हणजे सरांची डबी सरांनी नेली होती, आणि ही जी समोर होती ती कुणाचीच नव्हती. जे कुणाचंच नाही ते सरांना कसं द्यायचं.

सर भांडाराच्या पायरीवर बसले. त्यांना रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून ते रुमालानं चष्मा पुसू लागले. शकुनताईंनी त्यात काय आहे असं विचारलं. सासूबाईंचं गाणं आहे, लग्नाआधीचं, सर म्हणाले. ताई काही वेळ वही चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ज्याची नोंदच नाही ते हरवलं काय आन राहिलं काय, मी चहा प्यायला जाते. आणि खरोखरच उठून गेल्या.

प्रोग्राममध्ये बदल एका ओळीचा होता. भरलेले सेक्टर घे, रिकामे सोड, याऐवजी रिकामे घे आणि भरलेले सोड. प्रयोगशाळेत दुपारभर बसून त्यांनी कोट्यवधी रिकामे सेक्टर उपसले. त्यांत काय काय निघालं: जुनी पासबुकं, स्वप्निलचा कधीचा बायोडेटा, मोतीरामजींनी टाइप करून खोडलेली कितीतरी पत्रं. सरांनी ती वाचली नाहीत. अखेरीस एक गाणं निघालं. मध्ये एका जागी डिस्कनं साथ दिली नव्हती, तिथे आवाज तुटत होता. सरांनी ते ओळखीपुरतं ऐकलं आणि बंद केलं.

पुढच्या रविवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन अकोल्याला गेले. मोतीरामजींना एवढंच सांगितलं, की पहिल्या वेळी माझ्याकडून राहून गेलं होतं. मोतीरामजी म्हणाले, व्हते असं, नव्या मानसाकडून व्हते. वीस वर्षांच्या नोकरीनंतर नवा माणूस ठरून सरांनी मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारातून दुर्गाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे वळल्या.

गाणं सुरू झालं. पेटी खरोखरच भलत्या पट्टीत होती आणि गळाही बसलेला होता. मोतीरामजींनी डोळे मिटले. पोरीला शाळेत घातल्याचं साधं गाणं, कुणा गावच्या माणसानं रचलेलं. "पाटीवरचं पह्यलं अक्षर…" इथे आवाज तुटला. नुसती खरखर.

आणि स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, पुढचा तुकडा आला. "…माह्या हाती आलं." मोठ्यानं नाही, सहज, लाटण्याच्या लयीत. तोवर कंप्युटरातला आवाज परत आला आणि दोन्ही आवाज काही अंतर बरोबर चालले. मग दुर्गाबाईंच्या लक्षात आलं असावं. लाटणं थांबलं.

मोतीरामजींनी डोळे उघडले नाहीत. गाणं संपल्यावरही ते तसेच बसले. सर हळूच म्हणाले, मामाजी, ती तुटलेली जागा जुन्या डिस्कवरून पुन्हा वाचून पाहतो, एखाद्या वेळी मिळेल.

"नका काढू," मोतीरामजी म्हणाले. "राहू द्या तसंच."

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, आवाज थोडा वाढवला, आणि तुटलेली जागा जवळ आली तसे खुर्चीतून स्वयंपाकघराकडे वळून बसले. खरखर सुरू झाली. ती खरखर सगळ्यांनी कान देऊन ऐकली.

"पोयी करपून राह्यली," आतून आवाज आला. "जेवाले बसा आता."